लवकर म्हणजे किती?

भोकात बोळा होता. दारातल्या ज्या भोकातून दोरी बाहेर लोंबायला हवी होती, त्यात मेणाचा बोळा ठासून बसवलेला होता आणि दोरी आत राहिली होती. दाराला आतून खिट्टी. पायरीवर दुधाची बाटली तशीच. कंपनीचा सातचा भोंगा होऊन गेलेला.

"सोनकांबळे!" मी दारावर थाप मारली. "ए सोनकांबळे! परीक्षा असंल तर आत्ताच सांग. आज मार खाशील माझ्या हातचा."

आतून काही नाही.

मी केसातला आकडा काढून बोळा टोकरायला लागले. थंडीनं मेण दगडासारखं झालं होतं. आकडा वाकला. मग मोडक्या छत्रीची काडी आणली, तीही वाकली. मेणाच्या मागे चिंधी होती आणि चिंधीच्या मागे लाकडाची खुंटी. हा माणूस कुठलंच काम अर्धवट करत नसे, तीच पंचाईत होती. शेवटी बोळ्याच्या कडेनं बारीकशी फट पडली. मी नाक लावलं. आतून जळक्या कोळशाचा कोंदट वास आला.

मी पहार आणायला धावले.

मी पहार घेऊन परत येईपर्यंत, आतला माणूस कोण ते तुम्हाला सांगायला हवं.

आकुर्डीतली आमची जमीन कारखान्यांत गेली, तेव्हा उरलेल्या तुकड्यावर माझ्या नवऱ्यानं पत्र्याच्या खोल्यांची एक ओळ बांधली. नवरा गेला, खोल्या राहिल्या. त्यांत साताऱ्याचे आले, नगरचे आले, कोकणातले आले. सगळ्यांना घर मिळालं की ते निघून जायचे. वसंत सोनकांबळे नांदेडकडचा. तो आला तेव्हा चाळिशीला टेकला होता. हातात एक ट्रंक, मनगटावर घड्याळ. गावठाणात त्यानं चार दारं हिंडून पाहिली होती. प्रत्येक ठिकाणी आधी आडनाव विचारलं आणि मग खोली कालच गेल्याचं सांगितलं.

मला तो म्हणाला, "मावशी, खोली आहे का नाही ते आत्ता सांगा. विचार करून सांगते म्हणू नका. विचार करायला किती वेळ, ते कुणी सांगत नाही."

मी म्हटलं, "खोली हाय. दारू पिऊन आलास तर सामान रस्त्यावर. पाणी पहाटं येतं."

"पहाटे म्हणजे किती वाजता?"

"राहायला ये आन् बघ."

तो आला आणि खरंच बघितलं. आठवडाभर रोज उठून नळापाशी घड्याळ घेऊन उभा. मग मला म्हणाला, "मावशी, तुमचा नळ पहाटे येत नाही. कधी येतो ते नळालाच माहीत नाही. तुम्ही भाडेकरूंना पहाटे म्हणून सांगत जाऊ नका." माझ्याच अंगणात उभा राहून मला हे सांगत होता.

असा होता तो. भाजीवाली म्हणाली, भेंडी कोवळी आहे. हा म्हणाला, "कोवळी म्हणजे काय? दहा भेंड्यांची टोकं मोडू. किती मोडली तर कोवळी म्हणायची, ते आधी ठरवा." पुढच्या आठवड्यापासून ती आमच्या बोळात शिरेना. त्याच्या गावाकडचे एक म्हातारे स्थळ घेऊन आले. मुलगी फार शांत आहे म्हणाले. ह्यानं विचारलं, "शांत म्हणजे? दिवसाला किती बोलते?" म्हाताऱ्यानं माझ्याकडे बघितलं, मी भिंतीकडे बघितलं. पुन्हा कुठलं स्थळ आलं नाही. स्वतःचा भात तो स्वतःच शिजवायचा, स्वतःच खायचा आणि मीठ बरोबर पडलं म्हणून स्वतःलाच शाबासकी द्यायचा. मला भिंतीतून ऐकू यायचं.

एकच गोष्ट मला उलगडत नसे. एवढा घड्याळ्या माणूस, पण महिन्यातून एखाद वेळी त्याची कंपनीची बस चुकायची. कपडे घालून, डबा घेऊन आपल्या दारात नुसता उभा असायचा. समोरून बस जायची आणि हा बघत राहायचा.

मी हसायचे. "काय रं, घड्याळ दमलं का तुजं?"

"आज उशीर झाला," एवढंच म्हणायचा. उशीर म्हणजे किती, ते सांगायचा नाही.

कंपनीत त्याच सुमाराला काँप्युटर आला होता. थंड खोलीत ठेवलेलं कपाट आणि त्याला जोडलेल्या तीन-चार काचा, असं कामगार म्हणायचे. सोनकांबळेचं काम त्यावरचे प्रोग्रॅम तपासायचं. लिहिणारे वेगळे. त्यांचं लिहून झालं, की वापरायच्या आधी ह्यानं ते मोडून बघायचं. मला त्यानं समजावून सांगितलं होतं.

"मावशी, यंत्रानं काय करायचं, ते सगळे नीट लिहून देतात. स्टोअरच्या खिडकीवर कामगार आला, त्यानं भागाचा नंबर सांगितला, की तो भाग कुठल्या कप्प्यात आहे ते यंत्रानं दाखवायचं. ठीक. पण ते कसं करायचं? गर्दी असताना किती वेळात? वीज जाऊन आली की पुन्हा किती वेळात उभं राहायचं? तिथं काय लिहिलंय माहितीये? लवकर. समाधानकारक. वापरायला सोपं."

"मंग काय बिघडलं?"

"समाधानकारक मी तपासू कसं? समाधान कुणाचं, साहेबाचं का लायनीवर खोळंबलेल्या माणसाचं? आकडा द्या, मी घड्याळ लावतो. घड्याळानं पास म्हटलं तर पास. कामून कुणी आकडा देत नाही?"

चिडला की त्याचं गावाकडचं 'कामून' बाहेर पडायचं.

त्याच्याच खात्यातला भिडे म्हणून एक होता, चिंचवडगावात राहणारा, बारीक आवाजाचा सज्जन माणूस. रविवारी कधी यायचा, त्याच्याकडून मला बाकीचं कळायचं. बैठकीत साहेब म्हणायचा, उत्तर झटपट यावं. सोनकांबळे विचारायचा, "झटपट म्हणजे किती, साहेब?" साहेब म्हणायचा, पाच सेकंद घ्या. "खिडकीवर एक माणूस असताना, का शिफ्ट बदलताना?" साहेब पेन खाली ठेवायचा. बैठक तिथंच अडायची. शेवटी साहेबानं चिडून सगळे आकडे लिहून दिले. त्यावर सोनकांबळेनं ऐन शिफ्ट बदलताना सगळ्या खिडक्यांवर एकदम माणसं उभी केली. उत्तर येईपर्यंत एकानं बाहेर जाऊन बिडी ओढून घेतली. सोनकांबळे आनंदानं ओरडला, "नापास!" त्याला नापास शब्द फार आवडायचा. दुसऱ्याच आठवड्यात त्यानं कुणाला न सांगता थंड खोलीचं मेन स्विच खाली ओढलं. भिडे म्हणाला, "साहेब मारायला धावले होते हो. आणि हा घड्याळ बघत उभा!"

त्या काँप्युटरपुढं मीसुद्धा बसले आहे. दसऱ्याला कंपनीची फाटकं घरच्या माणसांसाठी उघडतात, यंत्रांना हार घालतात. सोनकांबळेला घरचं माणूस नव्हतं, म्हणून मला घेऊन गेला. काँप्युटरला झेंडूची माळ घातली होती. नारळ मात्र बाहेर व्हरांड्यात फोडला, पाण्याचा थेंब आत नको म्हणून. कुंकवालाही बंदी. सगळे प्रसाद खात होते, तेवढ्यात ह्यानं मला खुर्चीवर बसवलं.

"मावशी, हा भागाचा नंबर. यंत्राला विचारा कुठल्या कप्प्यात आहे."

"मला इंग्रजी येत न्हाई."

"बसचे आकडे वाचता ना? तेच आकडे."

मी चौथी शिकलेली. एकेक आकडा हुडकून दाबला. मग एक मोठं बटण दिसलं, तेही दाबलं. काच हिरवी होती, ती काळी झाली. पुन्हा दाबलं. काही होईना. बायका हसल्या. साहेब पेढा हातात धरून धावत आला.

"नापास!" सोनकांबळे ओरडला. "शाब्बास मावशी!"

साहेब म्हणाला, "अहो, ह्या बाईंसाठी बनवलंय का आपण?"

"साहेब, 'वापरायला सोपं' असं आपण लिहिलंय. स्टोअरमधला भिकूही चौथीच शिकलाय. त्याच्या हातून चुकीचं बटण दाबलं गेलं तर अख्खी लाइन थांबेल."

परत येताना मी त्याला म्हटलं, "मला चारचौघांत नापास केलंस व्हय रं?"

"तुम्ही नाही मावशी. ते यंत्र नापास. तुम्ही तर फार चांगलं मोडलं."

आता बाटलीचं सांगते.

एका संध्याकाळी तो माझ्या पायरीवर येऊन बसला आणि म्हणाला, "मावशी, मी एकटा राहतो. रात्री मेलो तर तुम्हाला कधी कळेल?"

"कळंल की लवकर."

म्हणायला नको होतं ते म्हणून बसले.

"लवकर म्हणजे किती?" ह्या वेळी तो हसत नव्हता. "माझी आई गावात एकटीच होती. लोक म्हणाले, तुला लवकरच कळवलं. मी पोचलो तेव्हा तिसरा दिवस होता. आणि कळवलं तेही शेजाऱ्यांना वास आला म्हणून."

मी चहा टाकला.

चहा पिता पिता त्यानं सगळं ठरवून टाकलं. दूधवाला त्याच्या पायरीवर बाटली ठेवून जातो. ती बाटली सातच्या भोंग्याच्या आत उचलली गेली पाहिजे. भोंगा झाला आणि बाटली तिथंच, तर मी हाक मारायची. ओ आली नाही, तर लगेच दार उघडायचं, कुणाला विचारत बसायचं नाही. त्यासाठी त्यानं दाराला भोक पाडलं आणि आतल्या खिट्टीला दोरी बांधून तिचं टोक बाहेर सोडलं. ओढली की खिट्टी वर.

"चोर आला मंजे?"

"चोराला काय मिळणार? घड्याळ माझ्या हातावर असतं."

मला वाटलं, झालं. पण त्याला तपासून बघितल्याशिवाय चैन पडणार होतं का? पंधरा दिवसांनी भोंगा झाला आणि बाटली पायरीवरच. मी हाक मारली. ओ नाही. दोरी ओढून आत गेले, तर हा खाटेवर डोळे मिटून सरळ पडलेला, आणि छातीवर धरलेल्या मुठीत घड्याळ.

डोळे उघडून म्हणाला, "पास!"

मी कोपऱ्यातला केरसुणीचा बुडखा उचलून त्याच्या पाठीत घातला. मग बाटली उघडली आणि सगळं दूध त्याच्या देखत मांजराला पाजलं.

"ह्याच्यापुढं परीक्षा न्हाई. कळलं?"

"मग तुम्ही विसरलात तर मला कसं कळणार?"

"तू मेलेला असशील. कळून करणार काय?"

तो विचारात पडला. "परीक्षेच्या दिवशी बाटलीला लाल दोरा बांधतो. मग तर रागावणार नाही?"

"मंग मला कळंल की, परीक्षा हाय म्हणून!"

"तेच ना," तो खिन्नपणे म्हणाला. "मग त्यातून काहीच मोजलं जात नाही."

पुढं त्यानं परीक्षा घेतली नाही. निदान घेणार नाही असं तोंडानं म्हणाला होता.

आणि मग पौषातली थंडी आली. पवना नदीकडून वारा सुटायचा. सोनकांबळेला सर्दी झाली, खोकला झाला. त्यानं ठरवलं की खोलीत वारा येतो, तो बंद करायचा. रविवारचा सगळा दिवस घालवून त्यानं खिडकीच्या फटी खळ लावून वर्तमानपत्रानं चिकटवल्या, पत्र्याखालच्या सांदीत चिंध्या कोंबल्या, उंबऱ्याशी गोणपाट घातलं. मग मला आत बोलावलं, दार लावलं आणि उदबत्ती पेटवली.

"बघा मावशी. धूर कसा सरळ वर जातोय. जरा हलत नाही. वारा शून्य!"

मी बघितलं. धूर खरंच काठीसारखा सरळ उभा होता. तेव्हा दारातल्या भोकाकडे माझं लक्ष गेलं नाही. त्याचंही गेलं नव्हतं. ते त्यानं संध्याकाळी बुजवलं, आणि मग उबेसाठी शेगडीत दगडी कोळसा पेटवून झोपला.

आणि आता मी पहार घेऊन आले होते.

पहार बिजागरीत घातली आणि अंगचा सगळा भार टाकला. लाकूड कुरकुरलं, पण सुटलं नाही. एक मन म्हणत होतं, हा आत घड्याळ घेऊन पडला असेल, आपलंच दार आपण मोडतोय. पण ठरलं होतं ते एवढंच, की भोंगा झाला, बाटली दिसली, ओ आली नाही, तर दार उघडायचं. खरं का खोटं ते बघायचं कुठंच ठरलं नव्हतं. दुसऱ्यांदा भार टाकला. वरची बिजागरी निखळली. तिसऱ्यांदा दार माझ्या अंगावरच आलं.

आत गेले तर डोकं गरगरलं. शेगडीत अजून निखारे होते. तो खाटेवरून खाली पडलेला, दाराकडे तोंड करून. निघायचा प्रयत्न केला असावा. तोंड लालबुंद, जसा काही उन्हात नांगर धरून आलाय. घड्याळ मुठीत नव्हतं. तेव्हा मला कळलं की ही परीक्षा नाही.

त्याच्या दोन्ही काखांत हात घालून मी त्याला फरफटत पायरीवर आणलं. बाटली कलंडून फुटली. मी त्याच्या थोबाडीत मारली, पुन्हा मारली. तो घशातून कसलासा आवाज काढून ओकला. ओकलेला माणूस जिवंत असतो. नाक्यावर बबनचा तीनचाकी टेंपो उभा होता. मी रस्त्यात जाऊन आडवी झाले.

बबन म्हणाला, "मावशी, कोबी भरलाय!"

"मंग कोबीवर टाक त्याला!"

दवाखान्यापर्यंत तो कोबीवर पडून गेला. मी त्याचं डोकं धरून बसले होते. सगळ्या वाटेवर मी त्याला शिव्या देत होते, कारण शिव्या दिल्या की त्याच्या पापण्या हलायच्या.

दवाखान्यात नाकाला नळी लावली. दुपारपर्यंत त्यानं डोळे उघडले. डॉक्टर तरुण होता. मला म्हणाला, "आजी, कोळशाचा विषारी वायू साठला होता. अजून थोडा उशीर झाला असता तर माणूस हातचा गेला असता."

नळीमागून आवाज आला. "थोडा म्हणजे किती?"

डॉक्टर घाबरला. "ह्यांच्या मेंदूवर परिणाम झाला की काय?"

मी म्हटलं, "न्हाई डॉक्टर. हे आदीपास्नं हाय."

डॉक्टर गेल्यावर मी त्याच्याकडे वळले. "वारा मोजलास. धूर सरळ उभा केलास. आन् दोरीचं भोक?"

त्यानं डोळे मिटले. म्हणाला, "एक गोष्ट बदलली की बाकीचं सगळं पुन्हा तपासायचं असतं. पहिल्या दिवशी शिकवतात हे." मग म्हणाला, "नापास." ह्या वेळी त्यात आनंद नव्हता. मी त्याच्या अंगावरची चादर नीट केली, कारण ती सरकली होती.

संध्याकाळी भिडे आला. सफरचंदं घेऊन आला होता. व्हरांड्यात माझ्याजवळ उभा राहून म्हणाला, "बरं झालं तुम्ही शेजारी होतात. साहेब तर आधीच ह्याच्यावर चिडलेले. उशिरा येतो म्हणून."

"त्याची बस कदी कदी चुकती," मी म्हटलं. "कामून चुकती, देव जाणं." त्याचा शब्द माझ्या तोंडात कधी बसला, मला कळलं नाही.

भिडे म्हणाला, "तुम्हाला माहीत नाही? साहेबांनी खडसावून विचारलं, तेव्हा सगळ्यांसमोर सांगितलं त्यानं. आम्ही हसलो होतो. म्हणाला, 'शेजारच्या मावशींचा स्टोव्ह पेटल्याचा आवाज आला नव्हता. त्या दूध घेत नाहीत, त्यामुळे बाटलीवरून कळत नाही. आवाज आल्याशिवाय मी निघू शकत नाही.'"

मी कोरा चहा पिते. सकाळी उठले की आधी स्टोव्हला पंप मारते. कधी अंग दुखत असलं की उशिरा उठते. त्या दिवशी तो डबा घेऊन दारात उभा असायचा आणि समोरून बस जायची. आणि मी त्याला हसत असे.

मी भिड्याला म्हटलं, "सफरचंद कापून दे त्याला. मोठ्या फोडी नकोत, घसा दुखतोय त्याचा." आणि मी नळावर जाऊन तोंड धुऊन आले.

तो बरा झाला. दाराला नवीन बिजागऱ्या बसवल्या. भोक आता दुप्पट मोठं आहे आणि त्यात काही घालायचं नाही, अशी माझी ताकीद आहे. थंडीत गोधडी घेतो. शेगडी मी भंगारवाल्याला दिली, त्याला न विचारता.

पुढं माझ्याकडे गॅस आला. गॅसला आवाज नसतो. म्हणून उठले की त्याच्या भिंतीशी ठेवलेल्या पितळी पातेल्यावर मी पळीनं एक ठोका मारते, मग चहा टाकते. पलीकडे त्याच्या दाराची खिट्टी वाजते आणि बाटली उचलल्याचा आवाज येतो.

त्या सकाळी दाराच्या आत वसंत सोनकांबळे होता आणि बाहेर मी होते. दोघंही अजून आहोत.